फळ्याच्या कोपऱ्यातलं बेट

खेमसिंग राठोडने समुद्र पाहिला तो वयाच्या साठाव्या वर्षी, आणि तोही एका वेळी अकरा आकडे मोजून होईपर्यंतच. त्याआधीची तेहतीस वर्षं त्याचा समुद्र बरण्यांमध्ये होता.

तालुक्याच्या एका कॉलेजात, प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत तो परिचर होता. मुलं त्याला मामा म्हणत. नेरजवळच्या तांड्यावरून आधी सायकलने आणि गुडघे कुरकुरायला लागल्यावर एसटीने तो यायचा, आणि शिपाई फाटक उघडायच्या आधीच फाटकाशी उभा असायचा. भिंतीतल्या काचेच्या कपाटांत एकशे बारा बरण्या होत्या. तारामासा, समुद्री घोडा, समुद्री काकडी, जेलीफिश. एका खणात वाळलेली प्रवाळं, एक हरणाच्या शिंगासारखं, एक मेंदूसारखं. प्रत्येक बरणीवर त्याच्या हातची चिठ्ठी: क्रमांक, नाव, ठिकाण, दिनांक, कोणी आणलं. चिठ्ठी फिकी पडली की तो नवी लिहून लावी, आणि जुनी फेकण्याआधी नवीशी अक्षर न् अक्षर ताडून बघे. तेहतीस वर्षांत एकही चिठ्ठी चुकली नाही. याची नोंद कुठेही झाली नाही, कारण चुकलेल्याचीच नोंद होते.

फॉर्मलीनमध्ये प्राणी कुजत नाही, पण त्याचा रंग निघून जातो. कोणताही प्राणी घाला, वर्षभरात तो उकडलेल्या बटाट्याच्या रंगाचा होतो. एक्केचाळीस नंबरच्या बरणीत समुद्रपुष्प होतं, फुलासारखा दिसणारा प्राणी, आणि त्याला चिकटून बोटभर मासा. दोघंही सारखेच पांढुरके, कुठे मासा संपतो आणि कुठे फूल सुरू होतं ते कळू नये इतके. मुलं विचारत, मामा, याचा खरा रंग कोणता? मामा भिंतीवरच्या रंगीत तक्त्याकडे बोट दाखवत. पण तक्त्यावर रोज दुपारी ऊन यायचं. त्यातला लाल गेला, पिवळा गेला, शेवटी नुसता निळा उरला. मग मामा सांगत, जांभळं असते ते. मासा नारिंगी असते. पुस्तकात लिहिलं हाय. बोलताना मात्र ते बरणीकडे बघत नसत.

दर दिवाळीच्या सुट्टीत बरण्यांतलं फॉर्मलीनचं पाणी बदलायचं काम असे. झाकणावरचं मेण खरवडायचं, जुनं ओतायचं, नवं भरायचं. तो वास नाकातोंडात जायचा आणि दोन-दोन दिवस भाकरीलाही तोच वास लागायचा. खोलीत पंखा बसवून मिळावा, हवा बाहेर फेकणारा, म्हणून खेमसिंगने दोनदा अर्ज केला. दोन्हींवर विभागप्रमुख पालतेवार सरांचा लाल शाईतला शेरा आहे: खिडकी उघडी ठेवावी. खिडकी उघडली की समोरच्या जिनिंगमधला कापसाचा भुरका आत येऊन काचांवर बसे, म्हणून ती बंद ठेवा असंही सरांनीच सांगितलं होतं. खेमसिंगला खोकला लागला तेव्हा सर स्टाफरूममध्ये म्हणाले की तांड्यावरचे लोक बिड्या फार ओढतात. खेमसिंगने जन्मात बिडी ओढली नव्हती. हे सरांना माहीत होतं, कारण बिडीचं बंडल आणायला त्यांनी एकदा त्यालाच पाठवलं होतं आणि दुकानात कोणतं मागायचं हेही त्याला सांगावं लागलं होतं.

उर्वशी आर्णीची. पहिल्या वर्षाला आली तेव्हा लॅबच्या वासाने तिला उलटी झाली. पोरं हसली. खेमसिंगने फरशी पुसली, तिला दाराजवळ स्टूल दिलं आणि म्हणाला, बाई, रोज फक्त एक बरणी पाह्य. तिने एकशे बारा दिवस तसं केलं. पुढे ती शिकत शिकत अशी गेली की शेवटी अंदमानाकडच्या एका लहान बेटावर पोचली. सकाळी पाठीवर हवेची नळकांडी बांधून पर्यटकांना समुद्राखाली न्यायचं आणि दुपारी प्रवाळांची मोजणी करायची, हे तिचं काम. रोज साडेसातला ती मामांना एक निरोप धाडायची, आणि तो निरोप खेमसिंग लॅबच्या फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात खडूने उतरवायचा:

बेट. पाणी २८. दिसतं २२ मीटर. ओढ उत्तरेकडून, हलकी. कासव १. पोपट मासे पुष्कळ.

सहा वर्षं हा कोपरा कोणी पुसला नाही. बाहेर माळ तापून पांढरा पडलेला असला तरी आत येणारी पोरं आधी तिकडे बघत. मामा, आज कासव नाही आलं का? मामा, आज ओढ जास्त हाय, उर्वशीताईले सांगा, जपून. एकाने तर उशिरा येण्याचं कारण सांगितलं होतं, समुद्र खवळला होता म्हणून. पालतेवार सरही वाचत. वाचता वाचता शेवटच्या वर्षी फेब्रुवारीत त्यांनी खेमसिंगकडून उर्वशीचा नंबर घेतला, सहकुटुंब बेटावर गेले, अठरा मीटर खाली जाऊन आले, आणि आल्यावर म्हणाले, "खेमसिंग, तू पाहायला पाहिजे होतं रे."

खेमसिंगलाही तेच हवं होतं. जूनच्या तीस तारखेला तो निवृत्त होणार होता. त्याआधी एक्केचाळीस नंबरची बरणी एकदा रंगात पाहायची, एवढं एकच त्याच्या मनात होतं. तेहतीस वर्षं मुलांना जांभळं-नारिंगी सांगितलं ते ऐकीव होतं, आणि आपण ऐकीव सांगितलं हे त्याला आतून खात होतं. उर्वशीने लिहिलं, मामा, मे संपायच्या आत या, मग पाऊस लागतो, पाणी गढूळ होतं, नावा बंद होतात. तिकीट तिनेच पाठवलं. सोबत एक फॉर्मही पाठवला. समुद्राखाली जाणाऱ्या प्रत्येकाने तो भरायचा असतो.

फॉर्मवर प्रश्न होते आणि समोर हो, नाही. कानाचा आजार? नाही. फिट येते? नाही. दमा किंवा फुप्फुसाचा आजार? तिथे खेमसिंगचा हात थांबला. रुक्माबाई, त्याची बायको, ज्वारी निवडत बसली होती. ती म्हणाली, "कर ना नाहीवर खूण. तिथं कोण पाह्यते तुह्या छातीत?"

"मी आजवर चुकीची चिठ्ठी लावली नाही."

"बरणीले लावली नाही. सोताले लाव एकडाव."

त्याने लावली नाही. तो यवतमाळला डॉक्टरकडे गेला. डॉक्टरने नळीत फुंकायला लावलं, छातीचा फोटो काढला, काम काय करता ते विचारलं, मग किती वर्षं ते विचारलं आणि पेन खाली ठेवलं. खाली पाण्याच्या दाबाने हवा दाबली जाते, म्हणाला, वर येताना ती हवा छातीत फुगते. वाट मोकळी असेल तर बाहेर पडते. तुमची वाट मोकळी नाही. फुप्फुस फाटेल. सही मी करणार नाही.

म्हणजे ज्या वासातून त्याने समुद्र ओळखीचा करून घेतला, त्याच वासाने समुद्राचं दार लावून घेतलं होतं. आणि सर अठरा मीटर खाली जाऊ शकले ते स्टाफरूमची खिडकी मोठी होती म्हणून.

उर्वशीने तरीही बोलावलं. खाली नाही नेणार, म्हणाली, पण किनाऱ्याजवळ छातीभर पाण्यातही प्रवाळ आहे. चष्मा लावून तोंड बुडवलं की दिसतं. या.

एप्रिलमध्ये फळ्यावरचे आकडे चढायला लागले होते. पाणी ३०. पाणी ३१. मग ३१ आणि वर काहीतरी. त्या दिवसांत नेरला पारा त्रेचाळीसवर होता, टाकीच्या नळाला हात लावला की चटका बसायचा. खेमसिंगने उर्वशीला गमतीने कळवलं की तुमचं पाणी तर गारच हाय, आमच्या टाकीचं अंगावर घेऊन पाह्य एकडाव. तिचं उत्तर आलं नाही. हळूहळू निरोपातले प्राणी गळाले. नुसतं तापमान आणि किती मीटर दिसतं तेवढंच येऊ लागलं. पोरीला काम असेल, असं त्याने धरलं, आणि रोजचा आकडा स्वच्छ अक्षरात लिहीत गेला.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात तो पोचला. दुसऱ्या दिवशी सकाळी उर्वशीने त्याला तरंगायला एक फुगवलेलं कडं दिलं, डोळ्यांवर चष्मा बांधला. श्वासाची नळी तोंडात धरली की त्याला खोकला यायचा, म्हणून ती काढून टाकली. श्वास धरायचा, तोंड बुडवायचं, बघायचं, वर यायचं. त्याने मोजून पाहिलं. अकरापर्यंत जमत होतं, बाराव्याला छाती दाटायची.

पहिल्या अकरात त्याला वाळू दिसली. दुसऱ्या अकरात हरणाची शिंगं दिसली, पांढरीशुभ्र, एकाला एक लागून, जिथवर नजर जाईल तिथवर. तिसऱ्यात मेंदू दिसला, तोही पांढरा. खेमसिंग वर आला तेव्हा त्याचा चेहरा फुलला होता. त्याला वाटलं, आपण उगाच आयुष्यभर मनाला लावून घेतलं.

"उर्वशी, हे तर आपल्या कपाटातल्यासारखंच हाय. डिट्टो. म्हंजे रंग गेला नव्हता, असाच असते हे."

उर्वशीने त्याच्या कड्याची दोरी धरली आणि त्याला थोडं पुढे नेलं, एका खडकापाशी. त्याने तोंड बुडवलं. खडकावर समुद्रपुष्प होतं, हाताएवढं, पाण्याबरोबर हलणारं, आणि तेही पांढरं, काचेसारखं. त्याच्या मधोमध एक मासा होता. मासा नारिंगी होता. अंगावर पांढरे पट्टे आणि मधला रंग इतका भडक की खेमसिंग मोजायचं विसरला आणि खोकत वर आला.

मग त्याला कळलं. मासा असा, तर फूल असं नसणार.

उर्वशीने त्याला नावेत बसवून सांगितलं. प्रवाळाचा रंग मुळात त्याचा स्वतःचा नसतोच, समुद्रपुष्पाचंही तसंच. त्याच्या आत डोळ्याला न दिसणारं शेवाळ राहतं, रंग त्याचा. तेच त्याला खाऊ घालतं. पाणी एक-दोन अंशांनी तापून तसंच महिनाभर राहिलं की शेवाळ बाहेर पडतं आणि प्रवाळ पांढरं पडतं. अजून मेलं नाही, उपाशी आहे. पाणी लवकर निवलं तर काही जगेल.

"एक-दोनानं?" खेमसिंग म्हणाला. "आमच्याकडं एक-दोनानं कोणी पंख्याचं बटनही दाबत नाही."

"तुमचा ताप एक-दोनानं वाढला तर चालते का मामा?"

त्याने विचारलं, खाली, खोल पाण्यात? ती म्हणाली, पंधरा मीटरच्या खाली अजून रंग आहे थोडा. तिथे पाणी गार आहे. मग तिच्या लक्षात आलं आपण कोणाला सांगतोय ते, आणि ती दोरी गुंडाळायला लागली.

खेमसिंगला फळ्यावरचे आकडे आठवत होते. तीस. एकतीस. ते त्याने स्वतःच्या हाताने लिहिले होते, कोपऱ्यात, सुवाच्य, आणि वर थट्टा केली होती. चिठ्ठी बरोबर होती आणि बरणीत काय आहे तेच त्याला कळलं नव्हतं. तो आणखी दोन दिवस राहिला. उर्वशीने पाण्याखालच्या खाणाखुणा शिकवल्या, तेवढ्याच काय त्या गमतीच्या. अंगठा आणि तर्जनीचं वर्तुळ म्हणजे ठीक आहे. नुसता अंगठा वर म्हणजे मला वर न्या. नवखे लोक खुशीत अंगठा दाखवतात, म्हणाली, आणि आम्ही त्यांना मुकाट वर घेऊन येतो. तो पाण्यात मात्र पुन्हा उतरला नाही.

जूनच्या एकोणतीस तारखेला, शनिवारी, निरोप समारंभ झाला. त्याच आठवड्यात लॅबमध्ये हवा बाहेर फेकणारा पंखा बसला होता, कारण जुलैत तपासणी समिती येणार होती. समितीच्या स्वागताची अक्षरं रंगीत खडूने काढण्यासाठी फळा सबंध पुसला होता, डाव्या कोपऱ्यासकट. नवीन परिचर विक्की म्हणाला, मामा, मला माहीत नव्हतं. खेमसिंग म्हणाला, आता लिहिण्यासारखं काही येतही नाही.

भाषणं झाली. पालतेवार सरांनी सांगितलं की खेमसिंग म्हणजे विभागाचा श्वास. मग त्यांनी कागदात गुंडाळलेली एक फ्रेम त्याच्या हाती दिली. फेब्रुवारीतला फोटो होता. काळ्या पोशाखात सर, मागे जांभळी, हिरवी, पिवळी प्रवाळं, आणि सरांचा अंगठा वर. सर हसून म्हणाले, "घे. तुझ्यासाठी समुद्रच आणला."

टाळ्या पडल्या. खेमसिंग फोटो बघत राहिला. जे पाहायला तो गेला होता ते सगळं त्यात होतं, अगदी कोपऱ्यात एक समुद्रपुष्पही होतं, जांभळं. आजवर मुलांना सांगितलेलं खोटं नव्हतं तर. फक्त सरांच्या पाठीमागे होतं. त्याला दोन शब्द बोलायला सांगितलं. तो म्हणाला, "सर, अंगठा वर केला म्हंजे पाण्यात त्याचा अर्थ, मले वर न्या. तुमाले लवकरच वर आणलं असन."

पोरं हसली. सरही हसले, जरा उशिराने. तेवढंच तो बोलला.

चहा झाल्यावर तो लॅबमध्ये गेला. पंखा चालू होता. त्याने पंखा बंद केला, टेबलाच्या खणातून कोरी चिठ्ठी काढली आणि नेहमीच्या अक्षरात लिहिली. क्रमांक ११३. प्रवाळ व समुद्रपुष्प, रंगासह. ठिकाण: बेट. दिनांक: फेब्रुवारी. आणणारे: प्रा. पालतेवार. मग थोडं थांबून त्याने खाली एक ओळ जोडली, जी आजवर कुठल्याच चिठ्ठीवर नव्हती: मे महिन्यात प्रत्यक्ष पाहिलं, पांढरं.

फ्रेमला चिठ्ठी चिकटवून ती एक्केचाळीस नंबरच्या बरणीशेजारी ठेवली, कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली विक्कीच्या हातात दिली. विक्कीने विचारलं, "मामा, फोटो घरी नाही नेत?"

"तो घरचा नोहे," खेमसिंग म्हणाला. "नमुना हाय."

एसटी पकडायची होती. फाटकापर्यंत जाताना तो दोनदा थांबला, श्वास घ्यायला.