दारावरच्या कॅमेऱ्याची पूजा

बेल वाजली की आई कोण आहे हे न विचारताच दार उघडायची. आमच्या चामराजपेटेत सगळे ओळखीचेच, असं तिचं म्हणणं. "अगं, स्वल्प थांबून बघ तरी," अशी मी रोज डोकेफोड करायचो. शेवटी वैतागून दारातून बाहेर बघायच्या जुन्या भोकात डिजिटल कॅमेरा बसवून घेतला.

खंडेनवमीला मी बोम्मसंद्र्याला, आमच्या कारखान्यातल्या यंत्रांच्या पूजेला गेलो होतो. तिथून मोबाइलवर घराचं दार बघितलं, तर सगळं लालभडक! घाबरून आईला फोन केला.

"काही नाही रे. मिक्सरला लावलं, तुझ्या स्कूटरला लावलं, तसं त्यालाही हळदकुंकू लावलं."

नेमकं काचेवरच. मी तिच्यावर चांगलाच ओरडलो.

संध्याकाळी काच पुसली आणि कॅमेरा नीट चालतोय का बघायला सकाळचं रेकॉर्डिंग लावलं. आईचा चेहरा अगदी जवळ आला. कुंकवाचं बोट पुढे करत ती कॅमेऱ्याला हळूच म्हणाली, "हा घरी येईपर्यंत रोज मीच दाराकडे डोळे लावून बसते. आता तू बस, बाबा. मी दमले."