नसलेल्या घटाचा दिवा

गोत्रीच्या सोसायटीत वसुंधराबाईंइतकी देवभोळी बाई दुसरी नाही, असं सगळे मानत. नवरात्रात शेजारच्या हंसाबेन खालून हाक मारायच्या, "वसुबेन, गरबामां चालो ने!" बाई गॅलरीतून हात जोडत. "घट बसलेत हो, दिवा एकटा सोडता येत नाही."

खरं तर घट बसत पादरा गावी, थोरल्या दिरांकडे. इथे होता तो फक्त बाईंच्या कानातला कापूस.

बाईंचा पिंडच तसा. कुकरची शिट्टी झाली की छातीत धस्स होई. ब्लाउजची शिवण टोचली की दिवस फुकट. समोरच्याचा चेहरा जरा उतरला तर यांना घास उतरत नसे. "फार मनाला लावून घेतेस," माहेर म्हणालं, सासरही म्हणालं. शेवटी बाईंनी सांगणं सोडलं आणि देवीला पुढे केलं. देवीने कधी तक्रार केली नाही.

मग सून आली. चारुलता, फतेगंजची, हंसाबेनचीच भाची. नवरात्र जवळ आलं तसं बाईंचं धाबं दणाणलं. थाप उघडी पडणार, आणि पोरीला वाटणार, सासूला आमचे गरबेच नकोत!

घटस्थापनेच्या आदल्या संध्याकाळी चारुलता म्हणाली, "मम्मी, तुम्ही कधीच गेला नाहीत ना? या वर्षी जा. दिव्यापाशी मी बसते."

"छे! तू नवी नवरी, तूच जा."

"ना, ना, तुम्ही!"

"सांगते ना, तू!"

तेवढ्यात खाली कुणीतरी लाऊडस्पीकर तपासायला लावला. दोघी एकदम दचकल्या, दोघींचे हात कानांवर गेले.

बाई रडवेल्या झाल्या. "घट नाहीच गं आपल्याकडे. मला आवाज सोसत नाही, म्हणून सांगत आले."

चारुलता मटकन खाली बसली. "नाही? अरे राम! मलाही नाही सोसत. पण गुजराती मुलीचं हे कोण मानणार? हंसामासी म्हणाली, त्या घरी दिव्यापाशी बसावं लागतं. म्हणून तर स्थळ पाहायला तयार झाले!"

बाई हसत सुटल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. आपल्यातच काही खोट आहे असं जन्मभर वाटत आलं होतं. आज तसलीच दुसरी समोर बसली होती.

दुसऱ्या दिवशी बाईंनी कापसाची पुडी काढली. देवीचं देणं होतं, म्हणून आधी वात वळली, दिवा लावला. उरलेल्या कापसाचे चार बोळे केले.

खालून हंसाबेनची हाक आलीच. गॅलरीत दोघींनी हात जोडले.

"मासी," चारुलता ओरडली, "दिवा एकटीला सांभाळवत नाही!"