प्रिंटर दोन पावलांवर होता

हे आजवर कुणाला सांगितलं नाही. बायकोला नाही, ज्यांच्याबरोबर इतकी वर्षं हे काम करतोय त्यांनाही नाही. तुम्हाला का सांगतोय — मलाही नीट कळत नाही. पोटात मावत नाही आता, एवढंच.

मी चाकणच्या एका कंपनीत कॉम्प्युटर सांभाळतो. घरी आल्यावर दुसरं काम, बिनपगारी. जगभरातली माणसं मिळून एक फुकट वापरता येणारी कॉम्प्युटर प्रणाली चालवतात. तिच्यातलं एकेक सॉफ्टवेअर — आम्ही पॅकेज म्हणतो — कुणीतरी हौसेनं सांभाळतं. नवी आवृत्ती बांधायची, तपासायची, लोकांसाठी सोडायची. नवख्याचं काम मात्र जुन्या माणसानं स्वतः चालवून पाहिल्याशिवाय पुढं जात नाही. त्यानं 'तपासलं' लिहिलं, की बाकीचे ते डोळे झाकून वापरतात.

दापोडीची सुजाता या कामात माझ्या हाताखाली शिकत होती. वडील कारखान्यात फिटर, घरात एकच जुना लॅपटॉप, तोही भावाबरोबर वाटून. पण काम असं, की राव, मला हेवा वाटायचा. हो, वाटायचा.

लेबलं छापायच्या प्रिंटरचं पॅकेज तिनं नव्यानं बांधलं. तिच्याकडे प्रिंटर नव्हता. तिनं लिहिलं, "सर, कागदावर उमटतं का, तेवढं बघाल?" कंपनीत माझ्या टेबलापासून दोन पावलांवर तोच प्रिंटर होता. पाच मिनिटांचं काम. जेवायची सुट्टी झाली होती, मी डबा घेऊन उठलो होतो — आणि उभ्याउभ्याच लिहून टाकलं, 'प्रिंटरवर तपासलं, चालतंय.'

कंटाळा म्हणू? तिच्यावरचा विश्वास म्हणू? दुसरं म्हणायला बरं वाटतं.

चार दिवसांत बोंब उठली. लेबलं कोरी निघत होती. कुणाच्या वर्कशॉपमधला माल अडकला, कुणाच्या औषध दुकानातला. पॅकेजवर नाव तिचं, लोक तिच्यावर तुटून पडले. तिनं मला विचारलं, "सर, तुमच्याकडे उमटलं होतं ना?"

एक ओळ लिहायची होती मला. खरी. मी लिहिलं, "माझ्याकडे उमटलं होतं. नंतर तूच काहीतरी बदललं असशील, आठवून बघ."

तिनं काही बदललं नव्हतं. मला माहीत होतं. दोन दिवस ती स्वतःचंच काम उलटंपालटं करत बसली. मग सगळ्यांसमोर लिहिलं, 'मला सापडत नाही, पण चूक माझीच असणार. माफ करा.' आणि हे काम सोडून गेली. पॅकेज माझ्याकडे आलं. एक ओळ दुरुस्त केली, लोकांनी आभार मानले. मी ते घेतले — लाज वाटली नाही का? वाटली. तरी घेतले.

परवा आकुर्डी स्टेशनवर भेटली. कॉल सेंटरला आहे म्हणाली. परत ये की कामाला, असं मी म्हणालो — कुठल्या तोंडानं, देव जाणे. ती हसली. "नको सर. हातावर भरवसा राहिला नाही. तेव्हा काय बदललं होतं मी, अजून आठवत नाही बघा. तुम्ही तरी तेव्हा ओरडला नाहीत मला."

ती अजून आठवून बघतेय. आणि आठवायला काही नाहीच.

तेवढ्यात लोकल आली. "गर्दी आहे, सांभाळून," एवढंच मी म्हणालो, आणि तिला गाडीत चढू दिलं.