खोकला थांबला त्या दिवसांत

कापसाच्या पहिल्या वेचणीच्या दिवसांत हवेला एक कोरडा, उन्हात तापलेला, किंचित धुळकट वास असतो, आणि तो आला की मला निर्मल गावाला जाणारी बस आठवते. बोथहून निघालेली ती बस नेरडीगोंड्याला हमरस्त्यावर येई, पुढे घाटात सागाच्या रुंद पानांतून ऊन ठिबकत राही, आणि माझ्या मांडीवरच्या पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेली, सुमतीच्या सकाळच्या लघवीची बाटली असे. शेजारी खिडकीशी सुमती, डोळे मिटून. नव्वदीच्या दशकातली ती मधली वर्षे; आम्ही दोघेही पन्नाशी ओलांडलेले, आणि आजारापेक्षा त्या येण्याजाण्यानेच अधिक थकलेले.

सुमती माझी पत्नी. बोथच्या शाळेत ती मराठी शिकवायची, मी तहसिलीसारख्या मंडल कार्यालयात दरखास्ती-अर्ज लिहून घेणारा कारकून. मधुमेह तिला दहा वर्षांपासून होताच. त्यात रक्तदाब वाढला. निर्मलच्या डॉक्टरांनी काचेच्या नळीत लघवी तापवली, तेव्हा तळाशी स्वच्छ असलेल्या त्या द्रवात वर हळूहळू एक पांढुरका ढग जमला. डॉक्टर तेलुगू, आमच्याशी हिंदीत बोलत. मूत्रपिंड म्हणजे चाळणी, साखरेने आणि दाबाने तिची भोके मोठी होत आहेत, असे सांगून त्यांनी एक नवी बारीक गोळी लिहून दिली. दाबही उतरेल आणि चाळणीही जपली जाईल.

“पर मुझे तो कुछ दुखता नहीं,” सुमती म्हणाली.

“दुखता नहीं अम्मा, इसीलिए तो भूलना नहीं.”

ती विसरली नाही. पण महिन्याभरात खोकला सुरू झाला. कफ नाही, ताप नाही, घशात कुणी ज्वारीचे कुसळ घासावे तसा कोरडा, अखंड खोकला. स्वयंपाक करताना, देवापुढे बसताना, सर्वांत अधिक वर्गात. कवितेची दुसरी ओळ तिच्या ओठांवर पोहोचण्याआधीच तुटे. सरकारी दवाखान्यात थुंकी तपासली, क्षयाचे काही निघाले नाही; तरीही दोन आयांनी आपल्या मुली मागच्या बाकावर बसवायला सांगितल्या. तीस वर्षे ज्या आवाजावर ती जगली, त्याच आवाजाला लोक आता भिऊ लागले होते. घरी आल्यावर ती पदराने तोंड दाबून खोके, आणि ते दाबलेले खोकणे मला उघड्या खोकण्याहून असह्य होई.

मग औषधाच्या दुकानदाराने सहज सांगितले, या गोळीने काहींना असा खोकला होतो. त्याच संध्याकाळी मी म्हणालो, “बंद कर ती गोळी.”

“डॉक्टरला न विचारता?”

“कायले विचारतं? पुन्हा बस, पुन्हा बाटली. मी थकलो आता, सुमे.”

ती माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिली. “तुमी म्हनता तर करते बंद,” एवढेच म्हणाली.

दोन आठवड्यांत खोकला विरला. घरात अशी शांतता आली की भिंतीवरच्या घड्याळाचा आवाजही नव्याने ऐकू येऊ लागला. सुमती वर्गात पुन्हा चालीवर कविता म्हणू लागली; मी कार्यालयातून परतताना शाळेच्या कुंपणाशी उभा राहून ऐकत असे. आमच्या संसारातले ते सर्वांत हलके आठ महिने होते. त्या आठ महिन्यांत आम्ही निर्मलला गेलोच नाही.

उन्हाळा सरता सरता तिच्या पायांवर सूज आली. बोटाने दाबले की खळगा तसाच राही. चेहरा मातकट झाला, अन्नावरची वासना उडाली. पुन्हा निर्मलला गेलो, तेव्हा डॉक्टरांनी रक्ताचा कागद पाहिला, मग तिच्याकडे, मग माझ्याकडे.

“गोली किसने बंद की?”

मी तोंड उघडण्याच्या आतच सुमती म्हणाली, “मैंने. मुझसे खाँसी सहन नहीं हुई.”

डॉक्टर रागावले नाहीत. खोकला होतो हे नुसते येऊन सांगितले असते, तर दुसरा मार्ग काढला असता, असे थकल्या स्वरात म्हणाले, आणि वेगळ्या गोळ्या लिहू लागले. गोळी चालू असती तर काय झाले असते, असे मी पुढे एकदा एकट्याने जाऊन विचारले. ते सांगता येत नाही, म्हणाले.

त्यानंतर सुमती दोन वर्षे जगली. मीठ तोडले, डाळ तोडली, नोकरी सोडली. त्या दोन वर्षांत आम्ही पुष्कळ बोललो. आमच्या मुलीच्या बाळंतपणाबद्दल, अंगणातल्या सीताफळाबद्दल, तिच्या हाताखालून गेलेल्या मुलींबद्दल. तिने डॉक्टरांसमोर घेतलेल्या त्या दोषाबद्दल मात्र एकदाही नाही. अनेकदा मी विषयाच्या काठापर्यंत जाई, आणि ती पाणी मागे.

पूर्वी मला वाटे, तिने मला वाचवले. आता वयाच्या या उतारावर, ते उत्तर तिने किती चटकन दिले होते हे आठवते. क्षणाचाही विलंब नव्हता. जणू ‘बंद कर’ असे मी म्हणालो, त्याच संध्याकाळी, माझ्याकडे बराच वेळ पाहत असताना, ते तिने मनात तयार करून ठेवले होते.