काळेवाडीच्या पार्किंगमधली होडी

यंदा गौरी आल्या त्या दिवशी, काळेवाडीत आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, आम्ही एका होडीत पाणी भरलं… आणि ती सगळीकडून गळायला लागली.

होडी इथे कशी आली ते आधी सांगते. माझे सासरे रत्नागिरीकडे खाडीत मासेमारी करायचे. ते गेल्यावर त्यांची लाकडी होडी किनाऱ्यावर पालथी पडून होती. भावकीतले ती जळणासाठी फोडणार असं कळलं आणि सासूबाईंचं जेवणावरचं मनच उडालं. मग आमचे हे गेले आणि टेम्पोत घालून होडी घेऊनच आले!

हे चाकणला कंपनीत मेंटेनन्सला आहेत. दर गुरुवारी सुट्टी, की मोबाईलवर व्हिडिओ बघून होडीचं काम सुरू… जुना रंग खरवडला, कुजक्या फळ्या बदलल्या, फटींमध्ये कापूस आणि राळ ठासली. रंग नीट बसावा म्हणून अख्खा उन्हाळा तिला उन्हात वाळवलं. पुसायला मी जुन्या साड्यांच्या चिंध्या दिल्या, फडकी विकत आणू दिली नाहीत.

पण पावसाळ्यात ती पार्किंगमध्ये घ्यावी लागली आणि गाड्यांची जागा अडली. आमचे चेअरमन ढमाले काका, इथलेच मूळ गाववाले. येता-जाता विचारायचे, "वहिनी, ही नाव चालवायची कुठं? पवनेत तर समदी जलपर्णी हाय!"

शेवटी मीटिंगमध्ये विषय निघाला. गणपती झाले की होडी हलवा, नाहीतर भंगारवाला बोलवू, असं ठरायला आलं. तेव्हा ह्यांच्या तोंडून निघून गेलं, "सोसायटीच्या बाप्पांचं विसर्जन ह्याच होडीत करू. टाकी भाड्याने आणू नका. नाही जमलं तर भंगारवाल्याला मीच फोन करतो."

समोरच्या ताईंनी नाक मुरडलं, "मासळीची होडी… आणि त्यात बाप्पा?"

सासूबाई खुर्चीतूनच म्हणाल्या, "मग समुद्रात काय मासे नसतात?" आणि तसंच ठरलं.

म्हणून गौरी आवाहनाला, विटा आणि टायरवर टेकवून होडीत गुडघाभर पाणी भरून बघितलं. आणि काय सांगू… प्रत्येक फटीतून धार. ढमाले काका कमरेवर हात ठेवून म्हणाले, "राव, ही नाव हाय का चाळण?"

ह्यांचा चेहरा बघवेना. "पाणी सोडून दे," म्हणाले, "कोरडी करतो आणि सगळ्या फटी कडक लांबीने, पुट्टीने, बुजवून टाकतो." कंपनीत गळती दिसली की बंद करायची, हाच ह्यांचा हिशोब.

पण आमच्याकडे पाणी येतं दिवसाआड. एवढं भरलेलं पाणी गटारात सोडायचं माझ्या जिवावर आलं. शिवाय घरात गौरी बसलेल्या! मी म्हटलं, "तुमची लांबी गौरी गेल्यावर. तोवर थेंब वाया जायचा नाही." घरातले टब, बादल्या, मोठी परात… सगळं होडीखाली लावलं.

मग काय, वर पुरण शिजतंय आणि मी पदर खोचून खाली. भरलेला टब उचलायचा, पाणी परत होडीत ओतायचं, आणि ओतताना देवाचं नाव घ्यायचं. हे हसले, "अगं, अभिषेक चाललाय का?" म्हटलं, तसंच समजा.

गौरी गेल्या त्या सकाळी टब उचलला तर हलका लागला. वाटलं, पाणी संपलं. होडीत वाकून बघितलं तर पाणी होतं तसंच! संध्याकाळपर्यंत ठिपकणंही थांबलं. ज्या फटीत माझं नख जात होतं, तिथे आता नुसती रेघ होती.

आणि वास… भर काळेवाडीत खाडीचा खारा वास! त्या लाकडाने तो इतकी वर्षं कुठे जपून ठेवला होता कोण जाणे.

मी हाका मारून सगळ्यांना बोलावलं. सासूबाई होडीवर हात फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "पावसाळा सरला की तुझे मामंजी ही होडी खाडीत बुडवून ठेवायचे, चार-सहा दिवस. मला वाटायचं, आंघोळ घालतात."

हे ओरडलेच, "आई, आधी नाही का सांगायचंस!"

"मला काय ठाऊक कशासाठी ते? होडीतलं बायकांना कोण सांगत होतं?"

हे तिथेच विटांवर बसले. सुकलेलं लाकूड पाणी पिऊन फुगलं होतं आणि फळ्या आपोआप एकमेकींना भिडल्या होत्या. "मी लांबी ठासली असती तर फुगायला जागाच उरली नसती," म्हणाले, "फळीच फाटली असती गं…"

सातव्या दिवशी आरती झाली. शाडूचे बाप्पा हळूच होडीत उतरले. पाणी काठाकडे सरकलं, परत शांत झालं… बाहेर एक थेंब नाही.

ढमाले काका वाकले. होडीच्या तळाला खालून हात लावला आणि आपला कोरडा तळवा बघत राहिले. मग मागे सरकून त्यांनी पायातल्या चपला काढल्या. ह्यांना म्हणाले, "हितंच राहू द्या. माझी गाडी मी भाईर लावतो."

मी दहावी शिकलेली बाई, ह्यातलं शास्त्र मला सांगता येणार नाही. पण ह्या होडीचं झाड तोडलं तेव्हा माझा जन्मही झाला नसेल… आणि अजून त्याच्या लाकडाला पाण्याची तहान आहे. हे ज्याने असं करून ठेवलं, त्याच्यापुढे हात जोडण्यापलीकडे मला काही सुचत नाही.