विचार करून कळवतो

काय सांगू तुम्हाला, चुका माझ्या हातून पुष्कळ झाल्या, पण त्यातली एक मी शुद्ध मराठीत, स्वच्छ उच्चारात, चार माणसांसमोर केली. ती सांगावी की नाही, याचाही बरेच दिवस विचार करत होतो. चहा घ्या, गार होईल.

मध्यभारत नावाचं राज्य होतं, ते दिवस. सरकार काही महिने इंदूरला, काही महिने ग्वाल्हेरला. थंडीच्या तोंडाशी कचेऱ्या फायलींची गाठोडी बांधून ग्वाल्हेरला निघायच्या, आणि त्यांच्यामागे कारकुनांची बिऱ्हाडं. मी नुकताच कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायला लागलो होतो. आवडता विषय एकच: शब्दाला अर्थ येतो कुठून? माझं मत ठाम होतं. अर्थ बोलणाऱ्याच्या मनात असतो. तो त्यानं शब्दांत नीट घातला की ऐकणाऱ्याला पोचलाच पाहिजे, टपालासारखा. मुलं हे लिहून घेत. बिचारी.

अशात जुन्या इंदुरातलं एक स्थळ सांगून आलं. मुलीचे वडील नानासाहेब, संस्थानी कारकुनांच्या घराण्यातले, आता मध्यभारताच्या कचेरीत. मुलगी सुमन. आई, मामा आणि मी बघायला गेलो.

पोहे आले. नानासाहेब मला म्हणाले, "मुलीला काही विचारायचं असेल तर विचारा."

मी बशी खाली ठेवली. म्हणालो, "मला काही नाही. त्यांनाच काही विचारायचं असेल तर..."

मामा पोह्यांवरची शेव चावायचा थांबला. सुमननं मात्र सरळ विचारलं, "तुम्ही शिकवता काय?"

"एक माणूस बोलतो ते दुसऱ्याला कळतं कसं, ते."

"आणि नाही कळलं तर?"

"तर गैरसमज होतो."

"मग तुमची नोकरी पक्की आहे," असं म्हणून ती कपबशा उचलून आत गेली.

मी तिथंच संपलो. अशी मुलगी जन्मभर समोर बसून चहा घेणार असेल तर माणसाला आणखी काय हवं?

निघताना नानासाहेबांनी दारात हळूच विचारलं, "मग आम्ही काय समजायचं?"

'होय' ओठांवर आलं होतं. पण मनात आलं, पोहे खाऊन लगेच 'होय' म्हणणं म्हणजे दुकानात सदऱ्याचं कापड पसंत करणं. अशा मुलीला दिलेला होकार कसा, पूर्ण विचारांती दिलेला असावा. म्हणून मी अगदी आदरानं म्हणालो, "विचार करून कळवतो."

नानासाहेबांनी हात जोडले. आईनं कपाळाला हात लावला.

टांग्यात बसल्यावर मामा म्हणाला, "चलो, ये भी गई."

"गेली कशी? मी विचार करतो म्हणालो."

"वही तो, भिया."

"मामा, माझ्या वाक्यात नकार कुठं आहे ते दाखव."

"वाक्यात कशाला असेल? रिवाजात आहे. मुलगी बघून कोणी तोंडावर नाही म्हणतो का? विचार करतो म्हणतो, मुलीकडचे समजतात, किस्सा खतम." मग त्यानं मला निरखून पाहिलं. "मला सांग, पाहुणा 'पोट भरलं' म्हणाला की तू वाढायचा थांबतोस?"

"अर्थात थांबतो."

"म्हणूनच तुझ्याकडं कोणी जेवायला येत नाही."

आई म्हणाली, "उद्या सकाळी जा आणि मुलगी पसंत आहे म्हणून सांगून ये. अजून काही बिघडलं नाही."

आणि इथं, मंडळी, माझं शिक्षण आडवं आलं. उद्याच गेलो तर 'विचार करतो' हे खोटं ठरणार नाही का? मी दिलेल्या पहिल्याच शब्दाला सुमननं खोटं का म्हणावं? तेव्हा ते वाक्य खरं करण्यासाठी मी विचार करायला बसलो. रोज संध्याकाळी कृष्णपुऱ्याला राजघराण्याच्या समाधी-छत्र्यांपाशी नदीकडं तोंड करून बसायचो. विचार सुरू केला की क्षणात उत्तर यायचं, होय. एवढ्यात संपला तर तो विचार कसला, म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरू. आई रोज विचारायची, "झाला का?" मी म्हणायचो, "होत आलाय."

शेवटी माझं समाधान झालं. इस्त्रीचा कोट घालून जुन्या इंदुरात गेलो. दारात ट्रंका, सुंभानं आवळलेल्या वळकट्या. कचेरी ग्वाल्हेरला निघाली होती. नानासाहेबांनी मला एका ट्रंकेवर बसवलं.

"मी विचार करून कळवायला आलोय," मी म्हणालो. "माझा होकार आहे."

"कशाला?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. त्यांनी हातातला सुंभ खाली ठेवला. मग म्हणाले, "सुमनचा साखरपुडा झाला हो. ग्वाल्हेरचंच स्थळ आहे."

"पण मी 'नाही' असं म्हणालो होतो का?"

"छे छे. आपल्यासारखा सुसंस्कृत माणूस असं तोंडावर कसं म्हणेल?"

निघताना त्या भल्या माणसानं आग्रह केला, "लग्नाला यायचं बरं का."

"विचार करून कळवतो," मी म्हणालो. या वेळी ते बरोबर समजले.

पुढं आणखी दोन-तीन स्थळं आली. तिथं भीतीनं मी तोंडच उघडलं नाही, तर लोकांनी त्याचाही अर्थ लावला. लग्न राहिलं ते राहिलंच. मात्र वर्गात मी हा किस्सा नावं गाळून दर वर्षी सांगायचो. गैरसमजाचं याहून चोख उदाहरण कुठं मिळणार? शब्द सरळ, हेतू स्वच्छ, आणि ऐकणाऱ्यानं भलतंच घेतलं.

निवृत्तीनंतर एका गणेशोत्सवात माझं व्याख्यान ठेवलं होतं. तिथंही सांगितला. लोक हसले. शेवटी पांढऱ्या केसांच्या एक बाई पुढं आल्या आणि माझ्यासमोरच्या खुर्चीवर बसल्या. डोळे ओळखीचे.

"मी सुमन," त्या म्हणाल्या. "गैरसमज बाबांचा झाला होता. माझा नाही."

"म्हणजे?"

"तुम्ही गेल्यावर बाबा म्हणाले, नकार आहे. मी म्हटलं, नाही बाबा, हे गृहस्थ खरंच विचार करताहेत. मग ग्वाल्हेरचं स्थळ आलं तेव्हा त्यांनी मला विचारलं, यांच्यासाठी थोडं थांबू या का?"

"मग?"

"मी म्हटलं, नको. पसंत पडली की नाही, एवढ्यासाठी ज्यांना इतके दिवस लागतात, त्यांच्या घरी संध्याकाळची भाजी ठरेपर्यंत रात्र व्हायची."

त्या हसल्या, नमस्कार केला आणि नातवाचा हात धरून निघाल्या. अख्ख्या आयुष्यात माझं बोलणं एकाच माणसाला जसंच्या तसं कळलं होतं. आणि कळलं होतं म्हणूनच तिनं मला नकार दिला होता.