चाळीस पावलांवरची खुंटी

मोजणीदार दादांनी उभी हयात किनारा मोजण्यात घालवली. खुंटीपासून पाण्यापर्यंत पावलं टाकायची आणि आकडा वहीत लिहायचा. बंदराचा धक्का बांधल्यापासून समुद्र वाळू खात सुटला होता. दरवर्षी खुंटी वाहून जायची. पण नियम म्हणजे नियम. दादा इमानेइतबारे नवी खुंटी पाण्यापासून बरोबर चाळीस पावलांवर ठोकायचे. यंदाची तर त्यांच्याच मागच्या दाराशी आली होती.

निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी वही चाळली आणि प्रशस्तिपत्र दिलं: “यांच्या कारकिर्दीत किनारा तसूभरही हलला नाही.”

दादांनी ते छाती फुगवून बायकोच्या हातात ठेवलं. “भिंतीवर लाव.”

“लावते की,” ती म्हणाली. “खिळा याच भिंतीत ठोकू, की चाळीस पावलं मागे?”